मोडीतून सुटलेली काच : शहापूर, ब्रह्मपुरी, खानापूर

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ७० क्रमांकाच्या दालनात पोर्टलंड कलश ठेवलेला आहे. उंची जेमतेम २४ सेंटिमीटर, अंग गर्द निळ्या काचेचे आणि त्यावर पांढऱ्या काचेत कोरलेल्या सात मानवी आकृत्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी रोमन कारागिरांनी केलेली ही वस्तू गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे गेले असताना मला पाहायला मिळाली. आमच्या घराण्यात कासाराचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असल्यामुळे (मी मात्र निवृत्तीपर्यंत शाळेत इतिहास शिकवला) काच पाहिली की हात आपोआप तिची जाडी आणि काठ चाचपायला पुढे होतो. तिथे अर्थातच मध्ये काचेचीच भिंत होती. बेळगावला परतल्यावर एक प्रश्न काही केल्या पिच्छा सोडेना. हा कलश घडला त्याच शतकात रोमन जगाची जहाजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर लागत होती, घाटमाथ्यावर सातवाहनांची गावे नांदत होती; मग त्या व्यापारातली काच आपल्याकडे कुठे गेली? संक्रांतीनंतर वहिनींना आणि भाच्याला, म्हणजे निखिलला, सवड मिळाली, तेव्हा त्याच्या गाडीतून आम्ही तिघे आपल्याच मुलखात हिंडून आलो.

पहिला दिवस : शहापूर आणि माधवपूर

वहिनींच्या भावाचे, आप्पांचे, शहापूरच्या बाजारात जुने दुकान आहे. पुढच्या बाजूला बांगड्यांची कपाटे, मध्ये तांब्यापितळेची भांडी आणि सर्वांत मागे पत्र्याच्या डब्यांतून भरून ठेवलेली मोड, म्हणजे फुटकेतुटके सामान. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असल्यामुळे सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाईशी मराठीत भाव करता करता आप्पा दुसरीला कन्नडमध्ये माप विचारत होते आणि तिसरीच्या हातावर साबणाचे पाणी लावून चुडा चढवत होते. गर्दी ओसरल्यावर त्यांनी आमच्या हातावर तिळगूळ ठेवला, कुंद्याची, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईची, पुडी सोडली आणि मग माझ्या फोनमधले कलशाचे छायाचित्र डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले. चित्रातली माणसे कोण, झाडाखाली बसलेली ती स्त्री कोण, हे त्यांनी विचारले नाही.

"ताई, हे दोन रंग एकमेकाला धरून कसं राहिले ओ? निळी आधी निवली असती तर वरची पांढरी उडाली असती की."

आजवर या कलशाविषयी मला विचारला गेलेला हा सर्वांत नेमका प्रश्न होता. दोन वेगवेगळ्या काचा तापल्यावर आणि निवताना सारख्या प्रमाणात फुगल्या-आकसल्या नाहीत, तर त्यांच्या सांध्यात ताण साठतो आणि वस्तू कधीतरी स्वतःहून तडकते. त्या कारागिराने फुंकनळीवरचा तापलेला निळा गोळा वितळलेल्या पांढऱ्या काचेत खांद्यापर्यंत बुडवला, दोन्ही थर एकत्र फुगवले, मग सगळे अतिशय सावकाश निवू दिले, असे अभ्यासक मानतात. त्यानंतर काम होते ते रत्ने कोरणाऱ्याचे. त्याने पांढरा थर कोरून नको तिथे पूर्ण काढून टाकला आणि हवा तिथे इतका पातळ केला, की खालची निळाई झिरपून कपड्याच्या चुण्यांना आणि अंगाच्या गोलाईला सावली आली.

आप्पांनी मोडीच्या डब्यातून लाल बांगडीचा तुकडा काढला आणि मोडलेली कड उजेडाकडे धरली. बाहेरून गडद लाल दिसणारी ती बांगडी आत जवळजवळ बिनरंगी होती. लाल रंग फक्त सालीएवढा, नखाच्या पापुद्र्याइतका जाड. महाग रंगाची काच पातळ वरच्या थरात वापरायची आणि आत साधी काच भरायची ही काटकसर आजही चालते. ती नुसत्या बांगडीवरून कधीच कळत नाही. कळण्यासाठी बांगडी मोडावीच लागते. वहिनी लहानपणापासून त्या दुकानात वावरलेल्या असूनही त्यांनी ती कड अशी निरखून पाहिली नव्हती.

"या फुटक्या काचेचं काय करता?" निखिलने विचारले.

"टाकतंय कोण? भंगारवाला किलोवर नेतोय. तिथनं परत भट्टीत. नव्या मालात जुनी काच पडली की लवकर वितळतेय, जळण कमी लागतंय."

माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच, त्या डब्यात होते. प्राचीन रोममध्येही हेच चालत असे. गल्लोगल्ली फिरून गंधकाच्या बदल्यात फुटकी काच गोळा करणाऱ्या फेरीवाल्याचा उल्लेख पहिल्या शतकातल्या एका लॅटिन कवीने केलेला आहे. त्याच शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने सागरी वाटांचे जे टिपण लिहून ठेवले, त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे. म्हणजे घडवलेली भांडी नव्हेत, इथल्या भट्टीत घालून मणी आणि बांगड्या काढण्यासाठी लागणारे ढेकूळ. जी काच मुळातच वितळवण्यासाठी आली, ती दोन हजार वर्षांनी सुरईच्या रूपात सापडावी अशी अपेक्षा कुणी करावी?

शहापूरला जाणाऱ्यांनी सणाच्या दिवसांत सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी दोन ते चार या वेळात जावे, एरवी दुकानदाराला बोलायला उसंत नसते. गाडी बाजारात नेण्याचा हट्ट धरू नये. कुंदा घ्यायचा असेल तर ताजा, त्याच दिवशीचा मागावा, आणि चार दिवसांपेक्षा अधिक ठेवायचा असल्यास तसे दुकानात सांगून घ्यावा.

दुपारी जेवण वहिनींच्या माहेरीच झाले. कडक भाकरी, एण्णगाई (मसाला भरलेली वांगी), शेंगाचटणी आणि घट्ट दही. नंतर आम्ही वडगाव-माधवपूरला गेलो. हा भाग आता बेळगाव शहराच्या पोटात आहे. रस्त्यावर उभे राहिले की दोन्हीकडच्या घरांतून मागांचा खडखडाट ऐकू येतो आणि उघड्या दारांतून ताणलेला रंगीत ताणा दिसतो. याच जमिनीखाली सातवाहन काळातले गाव आहे. १९७० च्या दशकात कर्नाटक विद्यापीठाने इथे उत्खनन केले, तेव्हा विटांची बांधकामे उजेडात आली, आणि ब्राह्मी लिपीतला लेख कोरलेला, वैदिक यज्ञांचा उल्लेख असलेला एक स्मृतिस्तंभही इथलाच. आज पाहायला जाणाऱ्याला मात्र यातले काहीही दिसत नाही. एका घराच्या नव्या पायासाठी खणलेल्या चरात लाल आणि काळी खापरे दिसली, तेवढीच. चराच्या कडेला गहू निवडत बसलेल्या आजींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांनी आड काढला तेव्हा ह्या एवढ्या विटा निघाल्या होत्या," आणि त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात करून दाखवला. सातवाहनांच्या विटा खरोखरच आजच्या विटांपेक्षा पुष्कळ मोठ्या असत.

खापरे दिसतात, विटा दिसतात. काच दिसली तर एखादा मणी. इथे माझ्या प्रश्नाचे दुसरे अर्धे उत्तर मला सुचते, आणि ते पटेल त्याने घ्यावे. जगातल्या संग्रहालयांत रोमन काचेची जी अखंड भांडी आहेत, त्यांतली बहुतेक थडग्यांतून आलेली आहेत. मेलेल्या माणसाबरोबर पुरलेले भांडे कुणी वापरत नाही, पाडत नाही, मोडीत घालत नाही. पोर्टलंड कलशही रोमजवळच्या मोन्ते देल ग्रानो या टेकडीखालच्या थडग्यात १५८२ च्या सुमारास सापडला, असे परंपरा सांगते. आजचे अभ्यासक त्याबद्दल साशंक आहेत, पण काचेला दोन हजार वर्षे टिकायचे तर अशाच जागी टिकता येते. आपल्याकडे त्या काळात देह अग्नीला देण्याची चाल रूढ होती आणि जिवंत घरातली काच फुटणारच होती. थडग्याखेरीज दुसरी वाट म्हणजे कुणीतरी बंद करून ठेवलेली आणि नंतर विसरली गेलेली खोली. अफगाणिस्तानात बेग्राम इथे १९३७ ते १९३९ या काळात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना भिंत घालून बंद केलेल्या दोन खोल्या सापडल्या, त्यांत रंगीत चित्रे काढलेले पेले आणि माशाच्या आकाराच्या कुप्या अशी रोमन धाटणीची काच होती. माधवपूरला अशी खोली असेलही. पण तिच्यावर आता कुणाचा तरी माग चालत असणार.

माधवपूरला पाटी, कुंपण, मार्गदर्शक असे काही शोधत जाऊ नये. ओळखीचे कुणी बरोबर असले तरच लोक मोकळेपणाने बोलतात, कारण उत्खनन म्हटले की जागा जाईल अशी धास्ती घरमालकांना वाटते, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

दुसरा दिवस : निपाणीमार्गे कोल्हापूर

पहाटे साडेसहाला निघालो तेव्हा काकतीपर्यंत धुके इतके दाट होते की पुढच्या ट्रॅक्टरवरचा ऊस दिसण्याआधी त्याचा वास येत होता. हत्तरगीला चहा झाला, संकेश्वर सोडल्यावर ऊन पडले, आणि तवंदीचा घाट उतरून निपाणीच्या बाजूला लागलो तशी शेतांतून तंबाखूची रुंद पाने दिसू लागली. या रस्त्यात निखिलने कलशाची मालकी कुणाकुणाकडे होती हे विचारले आणि मी ते शाळेतल्या सवयीप्रमाणे सालवार सांगितले.

सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी तो रोममध्ये कार्दिनाल देल मोन्ते यांच्या संग्रहात असल्याची नोंद मिळते. पुढे तो बार्बेरिनी घराण्याकडे गेला आणि सुमारे दीडशे वर्षे तिथेच राहिला. त्या काळात तो काचेचा आहे हेही पुष्कळांना ठाऊक नव्हते, थर असलेला मौल्यवान दगड समजून त्याचे वर्णन होत असे. (आप्पांनी तो हातात घेऊन नखाने एक टिचकी मारली असती तर तो वाद लगेच मिटला असता.) त्या घराण्यातल्या एका वारसदार बाईंनी पत्त्यांच्या डावातली देणी भागवण्यासाठी तो जेम्स बायर्स या स्कॉटिश दलालाला विकला. नेपल्समधले इंग्रजांचे राजदूत सर विल्यम हॅमिल्टन यांनी तो १७८३ मध्ये विकत घेतला खरा, पण किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची होती, तेव्हा पुढच्याच वर्षी तो पोर्टलंडच्या विधवा डचेसकडे गेला. ती १७८५ मध्ये वारली, १७८६ मध्ये तिच्या संग्रहाचा लिलाव झाला आणि तिच्या मुलाने, म्हणजे तिसऱ्या ड्यूकने, कलश परत घरातच घेतला. त्याच वर्षी त्याने तो जोसाया वेजवुड या प्रसिद्ध कुंभाराला उसना दिला. वेजवुडने काळ्या मातीच्या अंगावर पांढरी चित्रे चढवून त्याची नक्कल करण्यासाठी जवळजवळ चार वर्षे खर्ची घातली आणि १७९० मध्ये ती लंडनमध्ये लोकांना दाखवली. १८१० मध्ये, घरी आलेल्या एका स्नेह्याच्या हातून तळ दुखावल्यानंतर, चौथ्या ड्यूकने तो ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवायला दिला. मालकी मात्र घराण्याचीच राहिली. १९२९ मध्ये लिलावाला काढला तेव्हा अपेक्षित किंमत आली नाही, आणि संग्रहालयाने तो प्रत्यक्ष विकत घेतला तो १९४५ मध्ये.

"म्हणजे घरात तळाला धक्का लागला म्हणून सुरक्षित राहावा म्हणून संग्रहालयात ठेवला," निखिल म्हणाला, आणि हसला, कारण पुढे काय झाले ते त्याला माहीत होते. ते मी रात्रीसाठी राखून ठेवले.

निपाणीत मावशींकडे सामान टाकून, पोहे खाऊन लगेच पुढे निघालो. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की महाराष्ट्र. सीमेवर कोणत्याही कारणाने तणाव निर्माण झाला की दोन्ही राज्यांच्या बस थांबतात, हे बेळगावकरांना सांगायला नको. पण बाहेरून येणाऱ्यांनी, विशेषतः १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्य स्थापना दिनाच्या, आसपास, बसच्या भरवशावर राहू नये.

कोल्हापूरचे संग्रहालय टाउन हॉलच्या एकोणिसाव्या शतकातल्या दगडी इमारतीत आहे. बागेतल्या झाडांवर त्या दिवशी पोपटांचा इतका कलकलाट होता की आत शिरल्यावर कान दडे बसल्यासारखे झाले. या संग्रहालयाचा जन्मच मुळी ब्रह्मपुरीच्या उत्खननामुळे झाला. पंचगंगेच्या काठच्या त्या टेकाडात १९४४-४५ च्या सुमारास प्रा. के. जी. कुंदणगार यांच्या शोधकार्यात ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला, आणि त्यानंतर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केले. यांतले दीक्षित पुढे प्राचीन भारतीय मणी आणि काच यांचे मोठे जाणकार म्हणून ओळखले गेले, त्यामुळे या इमारतीत शिरताना मला थोडे आपल्या धंद्यातल्या माणसाकडे आल्यासारखे वाटते.

सर्वांना पाहायचा असतो तो पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. मूर्ती वीतभरही उंच नाही, हातातला त्रिशूळ नाहीसा झाला आहे, पण दाढीच्या बटा आणि पोटाचे स्नायू इतके जिवंत आहेत की वहिनी बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. याच साठ्यात इटलीतल्या कॅम्पानिया भागातल्या धाटणीची ब्राँझची सुरई होती, आरसे होते आणि ग्रीक पुराणातल्या पर्सियस-अँड्रोमेडा यांची उठावाची चकतीही. मी त्या सुरईसमोर थांबले. कासाराच्या घरात वाढलेल्या कुणालाही तिची मूठ पाहून कळेल की ती वेगळी ओतून नंतर जोडलेली आहे, आणि ती जोडणाऱ्याने भांडे भरल्यावर तोल कुठे जाईल याचा विचार केलेला आहे.

इथे कालचा माझा सिद्धांत थोडा दुरुस्त करावा लागतो. ब्राँझही मोडीत जातेच. आप्पांच्या डब्यांत काचेपेक्षा पितळच जास्त होते. तेव्हा ही सुरई वाचली ती धातूची होती म्हणून नव्हे, तर कुणीतरी शंभराहून अधिक वस्तू एका ठिकाणी जपून ठेवल्या आणि मग त्या बाहेर काढायला कुणी आलेच नाही म्हणून. त्या घरात काचेचा एखादा पेला असला, तर तो फडताळावरच असणार आणि घराबरोबर गेला असणार. वस्तू वाचण्यासाठी तिच्या मालकाचे काहीतरी बिघडावे लागते, असे म्हणणे क्रूर वाटेल, पण संग्रहालयांतली निम्मी कपाटे त्याचीच साक्ष देतात.

काच इथे आहे ती मण्यांच्या आणि बांगड्यांच्या रूपात. ब्रह्मपुरीला सातवाहनांच्या थरांच्या बऱ्याच वर बहमनी काळाचे थर आहेत आणि त्यांतून काचेच्या बांगड्यांचे तुकडे मोठ्या संख्येने निघाले. वहिनींनी त्यांतला रंगीत पट्ट्यांचा एक तुकडा पाहून सहज सांगितले की असा माल त्यांच्या आजीच्या हातात होता. पाचसहाशे वर्षांत फॅशन फारशी पुढे सरकलेली नाही, हे ऐकून निखिलने फोटो काढण्यासाठी परवानगी मागितली.

संग्रहालय सोमवारी बंद असते. इतर सुट्ट्यांची खात्री निघण्यापूर्वी करून घ्यावी. लहान वस्तू पाहण्यासाठी घरातले भिंग बरोबर न्यावे, फार उपयोगी पडते. दुपारची मिसळ खायचीच असेल तर संग्रहालय पाहून झाल्यावर खावी, आधी खाल्ली तर पोसायडनपेक्षा झोप प्रभावी ठरते.

संध्याकाळी ब्रह्मपुरीवर गेलो. टेकाडावर आता घरे आणि देवळे आहेत, खाली घाटावर मुले पोहत होती. उत्खननाची खूण नाही. नदीकडून येणारा वारा गार होता आणि वहिनींना निपाणी गाठायची घाई झाली होती, म्हणून तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही.

रात्री निपाणीला मावशींच्या घरी भाकरी, भरलेली वांगी आणि गूळ-तूप असा बेत होता. मावशींचे यजमान, काका, आयुष्यभर तंबाखूच्या व्यापारात होते. त्यांना गोष्ट ऐकायची होती. तेव्हा मी राखून ठेवलेला भाग सांगितला. ७ फेब्रुवारी १८४५ रोजी दुपारी दारूच्या अमलाखालच्या एका तरुणाने संग्रहालयातलाच एक कोरीव दगड उचलून कलशावर टाकला. कपाट फुटले आणि कलशाचे तुकडेतुकडे झाले. त्याने आपले नाव विल्यम लॉइड असे सांगितले. प्रत्यक्षात तो डब्लिनचा विद्यार्थी होता आणि त्याचे खरे नाव विल्यम मल्काही. त्याला कलश फोडल्याबद्दल शिक्षा झालीच नाही. त्या वेळचा जो कायदा लागू होता, तो पाच पौंडांपर्यंतच्या मालमत्तेच्या नुकसानीपुरता होता. म्हणून त्याला दंड झाला तो कपाटाच्या काचेबद्दल, तीन पौंड. ते भरता येईनात म्हणून तुरुंगात गेला, तर कुणा अनामिकाने पैसे भरून त्याला सोडवले.

काकांनी सुपारी कातरणे थांबवले. "म्हणजे शंभर पौंडांचं फोडलं तर मोकळा, आणि चार पौंडांचं फोडलं तर आत?"

"तसंच काहीसं."

"आणि मालकानं काही दावा केला नाही?"

ड्यूकने केला नाही. त्या मुलाच्या गरीब घरच्यांना आणखी त्रास नको अशी त्याची भूमिका होती. काकांना हा ड्यूक आवडला. कायदा मात्र त्यांना शेवटपर्यंत पटला नाही, आणि त्यावर त्यांनी तंबाखूच्या व्यवहारातले दोन किस्से सांगितले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

तिसरा दिवस : खानापूर

निपाणीहून परत बेळगावला येऊन, घरी न थांबता, तसेच खानापूरला गेलो. वाटेत देसूरच्या पुढे हवेत ओलावा येतो, झाडी दाटते आणि रस्त्याकडेची माती लाल होत जाते. खानापूरची माती आणि मडकी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. एका कुंभाराची भट्टी आदल्या दिवशी भाजून झालेली होती आणि तो ती उघडायला तयार नव्हता.

"परवा या. आत्ता तोंड काढलं की गार वारा आत शिरतोय, सगळं तडकणार. भाजायला एक रात, निवायला दोन दिवस. लोकांना भाजणं दिसतंय, निवणं कुणाला दिसत नाही."

आप्पांनी शहापूरला जे विचारले होते, त्याला हे उत्तर होते, फक्त ते मातीच्या माणसाकडून आले. निखिलने त्यालाही छायाचित्र दाखवले आणि हा कलश तीन वेळा जोडलेला आहे असे सांगितले. कुंभाराचा विश्वास बसेना. भाजलेल्याला जोड बसत नाही, हे त्याच्या धंद्यातले पहिले वाक्य आहे. मग झाडाखालच्या बाकावर बसून आम्ही तो इतिहास त्याच्यासमोर मांडला.

पहिल्यांदा जोडला तो जॉन डबलडे या संग्रहालयाच्या कारागिराने, फुटला त्याच वर्षी. वेजवुडची नक्कल समोर असल्यामुळे कोणता तुकडा कुठला हे ठरवायला मदत झाली. तरी ३७ बारीक कपच्या उरल्या. तळाची चकती, जिच्यावर टोकदार टोपी घातलेल्या तरुणाचे डोके आहे, ती त्याने पुन्हा बसवलीच नाही, कारण ती मूळ कलशाची नव्हे हे ध्यानात आले होते. ती आजही वेगळी मांडलेली असते. मूळ कलशाला बहुधा निमुळता तळ होता, तो कधीतरी प्राचीन काळातच किंवा नंतर गेला. त्या ३७ कपच्यांची हकिगत कलशापेक्षा मजेदार आहे. त्यांच्यासाठी ३७ खणांची पेटी करायला एका सुताराकडे त्या दिल्या गेल्या, मध्ये संबंधित माणसे वारली, आणि शंभर वर्षांनी, १९४८ मध्ये, लंडनमधल्या एका गृहस्थाने ती पेटी संग्रहालयात आणून हे काय असावे असे विचारले. त्या सुमारास कलश पुन्हा उकलून जोडला गेला, पण कपच्यांपैकी फक्त तीन बसल्या. पुढे जुना डिंक पिवळा आणि ठिसूळ होऊ लागला. १९८८-८९ मध्ये संग्रहालयाच्या नायजेल विल्यम्स आणि सँड्रा स्मिथ यांनी कलशाला आतून-बाहेरून टीपकागद गुंडाळून, बंद भांड्यात तीन दिवस द्रावकाच्या वाफेत ठेवून, सगळे जोड सोडवले. तुकडे भरले १८९. मग नव्या इपॉक्सी डिंकाने ते एकेक करून परत उभे केले. सांध्यांतल्या फटी निळ्या आणि पांढऱ्या राळेने भरल्या, आणि आता अगदी लहान अशा थोड्या कपच्या सोडल्या तर सगळे आपापल्या जागी आहे. काचेसमोर उभे राहून मी जोड शोधत होते. प्रयत्न केला तर काही रेषा सापडतात, सहज पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

कुंभार सगळे ऐकून म्हणाला, "एवढं करून पाणी राहतंय काय त्यात?"

नाही राहणार, आणि कुणी भरूनही पाहणार नाही. ते भांडे कशासाठी घडवले होते हेही कुणाला नक्की सांगता आलेले नाही; अस्थी ठेवण्यासाठी, लग्नात देण्यासाठी, की नुसते कौतुकासाठी. त्यावरची चित्रे ग्रीक पुराणातल्या पेलेउस आणि थेटिस यांच्या विवाहाची आहेत असे काहींचे मत आहे, तर काहींना त्यांत सम्राट ऑगस्टसच्या घराण्याची कथा दिसते. कुंभाराला यातले कोणतेच कारण पुरेसे वाटले नाही. ज्याने भांडे केले त्याला गिऱ्हाईक माहीत असणार, एवढेच तो म्हणाला आणि मडकी मोजायला उठला.

खानापुरातून मडकी घ्यायची असतील तर प्रत्येकावर बोटाच्या मागच्या गाठीने टिचकी मारून नाद ऐकावा. बद्द आवाज आला तर आत तडा असतो. भाताच्या पिंजरात बांधून मिळतात, वर्तमानपत्रात गुंडाळून आणू नयेत. बेळगावहून दुपारची गाडी किंवा बस पकडून अर्ध्या दिवसात जाऊन येता येते. भट्टी पाहायची असल्यास आधी कुणाकडून तरी दिवस विचारून ठेवावा, म्हणजे उघडण्याच्या सकाळी पोहोचता येईल.

पुढच्या खेपेला तेरला जायचे ठरले आहे. ग्रीक व्यापाऱ्याच्या त्या टिपणात तगर म्हणून जे गाव येते ते हेच, धाराशिव जिल्ह्यातले. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातले मणी आहेत, आणि इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही तेरला मिळालेली आहे. आप्पा बरोबर येतो म्हणाले आहेत. फक्त हळदीकुंकवाचा हंगाम संपू दे, आणि सोमवार सोडून निघा, एवढी त्यांची अट आहे.